अकरा दाखले

मोरझिरा, ता. नवापूर, पश्चिम खानदेश
१४ जुलै १९५८

दादा,

वर 'साष्टांग नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलं. खोटं काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे, आणि आज तुला नमस्कार करावा असं मला वाटत नाही.

तुझी जिल्हा स्कूल बोर्डाची शाळा नाल्यापलीकडे सागपाण्यात, माझी अलीकडे मोरझिऱ्यात. हाक मारली तर ऐकू येईल. तरी हे पत्र पोस्टाने पाठवते आहे. नवापूरला जाऊन परत येईल, तीन दिवस लागतील. लागू देत. 'मला काही कळवलंच नाही' असं तू मागाहून म्हणालास, तर निदान शिक्क्यावर तारीख असेल.

मागणी एकच आहे. अकरा मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले दे. नावं मागच्या बाजूला लिहिली आहेत. पहिलं भुरीचं, उखाच्या मुलीचं. ही मुलं जूनपासून माझ्याकडे, फादर कार्व्हालोंच्या शाळेत येतात. तुझ्या पटावर मात्र अजून आहेत. एका शाळेच्या पटावर नाव असताना दुसऱ्या शाळेला ते घेता येत नाही, हा नियम तूच मला सांगितलास. चौथी झाली की ही मुलं नवापूरला पाचवीत बसतील, तेव्हा हेडमास्तर आधीच्या शाळेचा दाखला मागतील. तू दिला नाहीस तर चार वर्षं शिकूनही ती कुठल्याच शाळेत नसतील.

शनिवारच्या बाजारात तू चारचौघांत म्हणालास, "या बघा मास्तरीणबाई, गुडघे टेकून नोकरी मिळवली." लोक हसले. मीठ विकणारासुद्धा हसला. बाबा जुन्या प्रॉटेस्टंट मिशनमध्ये बायबल वाचून दाखवायचे आणि मी रोमन कॅथलिक लोकांत गेले, हे तुला लागलं असेल. पण मला सांग, बोर्डाकडे माझ्यासाठी शब्द टाकायला तू गेला होतास ना? त्यांनी विचारलं, बाईकडे सातवीच्या फायनलचं प्रमाणपत्र आहे का? तू 'नाही' म्हणालास आणि घरी आलास. प्रमाणपत्र कुठून असणार? मी शाळेत गेलेच नाही. कणगीच्या लिंपणावर कोळशाने अक्षरं काढून तू शिकवलंस, तेवढंच माझं शिक्षण. फादरांनी प्रमाणपत्र मागितलं नाही. पुस्तक हातात दिलं आणि म्हणाले, "वाच गो बाय." मी वाचलं.

दोन वर्षं मी तुझ्याकडे पहिलीचा वर्ग सांभाळला. तू एकटा मास्तर, वर्ग चार. कुणी साहेब आले की मला म्हणायचास, "तू आईकडे जा, चहाचं बघ." त्या दोन वर्षांत माझं नाव कुठे लिहिलं गेलं? हजेरीत नाही, पगारपत्रकात नाही.

ही अकरा मुलं माझ्या त्या वर्गातली आहेत. मी पळवलेली नाहीत. ती माझ्यामागून आली.

दाखले आठवड्यात पाठव.

रेवा

*

मोरझिरा
९ जानेवारी १९६०

दादा,

दीड वर्षात तुझं एक कार्ड आलं. त्यावर चार शब्द : 'पट कमी होणार नाही.'

पंचवीसच्या खाली पट गेला की बोर्ड शाळा बंद करील आणि तुला कुठेतरी दूर टाकील, हे मला ठाऊक आहे. सागपाण्याच्या त्या भिंती तू स्वतः चिखल तुडवून उभ्या केल्यास, तेही ठाऊक आहे. पण मुलं बसतात एकीकडे आणि त्यांची हजेरी लागते दुसरीकडे, याला तू काय म्हणशील? रोज सकाळी 'भुरी उखा' असं वाचून पुढे 'ह' लिहिताना तुझा हात जड होत नाही?

आमची शाळा कशी आहे, तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते. पहिल्या पावसाळ्यात उखाच्या गुरांच्या पडवीत बसलो. एका बाजूला बैल, एका बाजूला आम्ही. बैलाने पाटी चाटली की त्या मुलाला अक्षर पुन्हा काढावं लागायचं. आता कुडाच्या भिंती आहेत, वर नळीची कौलं आहेत. बेचाळीस मुलं आहेत. त्यांतल्या सतरा मुली. तुझ्याकडे कधी पाचांवर मुली नव्हत्या.

तू लोकांना सांगतोस की दुधाची भुकटी दाखवून मुलं नेली. मी याचा नीट विचार केला. भुकटीचे डबे दिवाळीनंतर आले आणि अकराजण जूनमध्येच आले होते. म्हणजे त्यांच्याबाबत तू खोटं बोलतोस. मागाहून आलेल्यांपैकी तिघांविषयी मात्र मी खात्री देऊ शकत नाही. त्यांतला एक दूध झालं की घरी जातो.

उखा यंदाही बायकोला घेऊन तापीकाठच्या गुजरांच्या शेतावर कापूस वेचायला गेला. दरवर्षी भुरी जायची. यंदा तिला आमच्या ओसरीवर ठेवून गेला. मी त्याला दाखल्याचं सांगितलं तर म्हणाला, "कागद नसला तरी पोरगी माझीच राहील ना? मग झालं." त्याला कसं समजवायचं ते मला कळत नाही. तुला आलं असतं. आपल्या बोलीत गमतीने सांगून माणसाला वळवणं तुला जमतं, मला नाही. मी बोलले की लोकांना फादर बोलतात असं वाटतं.

आईने निरोप धाडला की 'तुझी चूल वेगळी, तुझा देव वेगळा, मग इकडे कशाला बघतेस?' हे शब्द आईचे नाहीत. आई इतकं जुळवून बोलत नाही.

दाखले पाठव.

रेवा

*

मोरझिरा, ता. नवापूर, जि. धुळे
२ ऑगस्ट १९६१

दादा,

राज्य बदललं, जिल्ह्याचं नाव बदललं, तू तसाच आहेस.

जूनपासून आमच्याकडे चौथी आहे. चौथीत तीच अकरा. पट एकाहत्तर. फादरांनी मान्यतेसाठी अर्ज केला आहे. तपासनीस साहेब हिवाळ्यानंतर येऊन रजिस्टरं बघतील. म्हणजे आता दिवस मोजायचे राहिले आहेत.

परवा नाल्यावर तू मला गाठलंस. मी घाबरून नीट उत्तर दिलं नाही, ते इथे देते. तू म्हणालास, "दोन रजिस्टरांत एकच मूल म्हणजे एक रजिस्टर खोटं. कुठलं ते तू ठरव."

तुझं, दादा. मुलं तुझ्या वर्गात नाहीत आणि तू त्यांना हजर लावतोस. यात ठरवण्यासारखं काय आहे?

मग तू म्हणालास, "आणि तपासणीच्या दिवशी?" त्याबद्दल मी लिहिणार नाही.

भुरीचं गणित आता माझ्या पुढे गेलं आहे. व्याजाची उदाहरणं मी अगोदर घरी सोडवून बघते, मग वर्गात घेते. तरी ती माझी चूक काढते, आणि काढताना ओढणी तोंडाशी धरते, म्हणजे मला लागू नये. अशी मुलगी नवापूरच्या दारातून परत यावी असं तुला वाटतं का? हो किंवा नाही, एवढंच कळव. कार्डावर बसेल.

रेवा

*

मोरझिरा
२२ फेब्रुवारी १९६२

दादा,

काल काय झालं ते तुला निम्मं माहीत आहे, मला निम्मं. माझं निम्मं लिहिते. आणि मागच्या पत्रांत जे लिहिलं नाही, तेही लिहिते. हे लिहायला घाबरते आहे, म्हणून अक्षर वाईट आलं आहे.

पहिल्यांदा तपासणीच्या दिवसाचं. चार वर्षं तुझ्याकडे साहेब येणार असले की सकाळी तू नाल्याच्या पलीकडे उभा राहायचास. हाक मारायचा नाहीस. मी अकरा मुलांना म्हणायचे, "जा, आज मास्तरांकडे बसा, दुपारी या." तू मागितलं नाहीस, मी दिलं. कुणाला सांगितलं नाही. त्याच आठवड्यात तुला 'खोटा' म्हणून पत्रं लिहिली. पहिलं पत्र तर मी रागाने लिहिलं, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात तुझी तपासणी होती. मुलं धाडली.

साहेब दरवर्षी तुझ्याकडे जेवून नवापूरला परतायचे. काल परतले नाहीत. जेवण झालं आणि थेट नाला ओलांडून इकडे आले. मुलं त्यांच्या पुढे पळत आली, बसली, आणि मी हजेरी घ्यायला लागले. तुला माहीत आहे, आमच्याकडे मुलांना बाप्तिस्म्याचं नाव असतं, पटावर तेच लिहितो. मी 'रोझा उखा' म्हटलं. भुरी उभी राहिली.

साहेबांचा शिपाई भिकन दारात होता. तो म्हणाला, "बाई, हाई पोर सकायले तठे व्हती ना? तिना पाय आजून वल्ला शेतस. मी कोरीट गावना माणूस शे, माले येडं नका समजू."

साहेबांनी भुरीचे नाल्यात ओले झालेले पाय बघितले आणि तिला जवळ बोलावलं. "सकाळी तू भुरी होतीस ना?"

भुरी म्हणाली, "हो साहेब. सकाळी बोर्डात भुरी, दुपारी इकडे रोझा."

तिला यात काही चूक वाटली नाही. तिला कसं वाटेल? आपल्याकडे आजोळी एक नाव असतं, घरी एक असतं. ज्या दारात उभं राहावं त्या दारचं नाव सांगावं, एवढंच तिला ठाऊक. मागची मुलंही आपणहून उभी राहिली आणि दोन-दोन नावं सांगू लागली. त्यांना वाटलं, साहेबांना हेच हवं आहे.

साहेबांनी माझं प्रवेशाचं रजिस्टर मागितलं. आता दुसरी गोष्ट, जी मी कधीच लिहिली नाही.

त्या रजिस्टरात 'पूर्वीची शाळा' असा रकाना आहे. १९५८ च्या जुलैअखेरही तू दाखले दिले नाहीस, तेव्हा मी त्या रकान्यात अकरा वेळा 'नाही' लिहिलं. जन्मतारीख सगळ्यांची एक जून. नाव बाप्तिस्म्याचं. म्हणजे कुणालाही ताळा जुळवता येऊ नये. फादरांना वाटलं मुलं नवीनच आहेत. मला दोष देणारा कुणी नव्हता.

दादा, तू मुलं हजर असल्याचं खोटं लिहिलंस. मी ती कधी कुठल्या शाळेत गेलीच नाहीत असं लिहिलं. म्हणजे तू त्यांना एक अक्षरही शिकवलं नाहीस, आणि मीही त्या दोन वर्षांत शिकवलं नाही. माझं नाव कुठे लिहिलं गेलं नाही म्हणून मी तुझ्याशी भांडले, आणि पहिली संधी मिळताच मी स्वतःच ते पुसलं.

यासाठी मी माफी मागते. एवढ्याचसाठी. बाजारातल्या बोलण्याची, आईच्या निरोपाची आणि चार वर्षं अडवलेल्या दाखल्यांची गोष्ट वेगळी आहे.

दोन्ही रजिस्टरं साहेब घेऊन गेले.

रेवा

*

मोरझिरा
११ मार्च १९६२

दादा,

मी फादरांना सांगितलं. पापकबुलीच्या जागी सांगितलं असतं तर त्यांना ते कुठे बोलता आलं नसतं, म्हणून ओट्यावर, उभ्याने सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "रेवा बाय, एकाहत्तर पोरांची शाळा तू अकरा ओळींत बुडवलीस." थोड्या वेळाने म्हणाले, "मान्यता येऊ दे, मग दुरुस्त कर. आता गप्प रहा." मी गप्प राहिले नाही. नवापूरला गेले आणि माझ्या रजिस्टराबद्दल लेखी जबाब दिला. तुझ्याबद्दल विचारलं तेव्हा 'ते त्यांनाच विचारा' म्हटलं.

परवा साहेबांनी बोलावलं आणि तोडगा सांगितला. तुलाही सांगतीलच. पण माझ्याकडून ऐक, कारण मी त्याला 'हो' म्हणून आले आहे.

तू अकराही जणांना चौथी पास झाल्याचा दाखला द्यायचा. तुझ्या हजेरीत ती चार वर्षं हजर आहेतच. कारणाच्या रकान्यात 'पुढील शिक्षणासाठी' लिहायचं. तुझी हजेरी खरी ठरते, बोर्डाची अब्रू राहते. माझं रजिस्टर 'चुकीने भरलेलं' म्हणून नवीन लिहायचं. त्यात ही मुलं नसतील. मुलं पाचवीत जातील. साहेब म्हणाले, "कुणाचं काही बिघडत नाही."

बिघडतं. माझी चार वर्षं बिघडतात. बैलाच्या पडवीपासून व्याजाच्या उदाहरणांपर्यंत सगळं तुझ्या नावावर जाईल. मोरझिऱ्यात चौथी झालीच नाही, असं कागद म्हणतील. पुढच्या वर्षी मान्यतेला विचारतील, तुमची पहिली तुकडी कुठे आहे? तर कुठेच नाही.

आणि ते खोटंही आहे. मला झोपेतसुद्धा ठाऊक आहे की ते खोटं आहे. एका खोट्याचा जबाब देऊन मी दुसऱ्याला मान डोलावून आले. भुरीकडे बघितलं आणि डोलावली.

तेव्हा तू जिंकलास. तुझ्या हातात टाक आहे. सही कर आणि मोकळा हो. फक्त वेळ लावू नकोस, पाचवीची परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे.

उत्तर लिहायची गरज नाही. तुला सवयही नाही.

रेवा

*

मोरझिरा
१८ जून १९६२

दादा,

दाखले मिळाले. भिकनने आणून दिले, एप्रिलच्या चोवीस तारखेला. मी तुला पोच दिली नाही. आठ आठवडे झाले. रोज लिहायला बसत होते.

तेव्हा भिकन ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "बाई, तुन्हा भाऊ येडा शे का काय? साहेबनी सोनानी वाट दाखाडी, नि हाऊ काटामा गया."

मग त्याने सांगितलं ते असं. साहेबांनी तुझ्यापुढे कोरे दाखले ठेवले. तू एक लिहिलास आणि पुढे सरकवलास. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, "मास्तर, तारीख चुकली. शाळा सोडल्याची तारीख यंदाची टाका." तू म्हणालास, "नऊ जून अठ्ठावन. त्या दिवशी वर्गात आलो तर पहिलीची जागा रिकामी होती." साहेब म्हणाले, "म्हणजे चार वर्षांची हजेरी खोटी असं तुम्ही लिहून देताय. नोकरीचं काय होईल कळतं का?" तू पुढचा दाखला ओढलास.

मी ते बघितले. तुझं अक्षर अजून तसंच, छापल्यासारखं. मला त्याचा राग आला. प्रगती : चांगली. वर्तणूक : चांगली. वर्ग : पहिली. शाळा सोडल्याचे कारण : 'बहिणीने नेले.'

अकराही दाखल्यांवर.

साहेब म्हणाले होते म्हणे, की असं कारण सरकारी कागदावर चालत नाही. तू म्हणालास, "दुसरं खरं कारण नाही, साहेब. आणि ही दोन वर्षं माझ्याकडे होती, तेव्हाही शिकवलं तिनेच. त्याला रकाना असेल तर सांगा, तेही लिहितो."

हे मला भिकनकडून कळावं? चार वर्षांत कार्डावर चार शब्द लिहिलेस, आणि हे एका परक्या साहेबाला सांगितलंस.

नवापूरला हेडमास्तरांनी दाखला बघून चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ही बहीण कोण?" मी म्हटलं, मी. मग 'पहिलीपासून पुढे बिगरमान्य शाळेत' असा शेरा मारून त्यांनी सगळ्यांची परीक्षा घेतली. आठजण पाचवीत बसले. तिघं नाही. त्या तिघांना मी पुन्हा शिकवते आहे. भुरीला गणितात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. तिथे पटावर तिने 'भुरी' लिहायला सांगितलं. फादरांना वाईट वाटलं. मला वाटलं की नाही ते मला अजून ठरवता आलं नाही.

मान्यता एक वर्ष लांबली, पण अर्ज फेटाळला नाही. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं आहे की शाळा १९५८ पासून प्रत्यक्ष चालू असल्याचं 'शेजारच्या शाळेच्या कागदपत्रांवरून' दिसतं. म्हणजे तुझ्या कागदांवरून. फायनल झालेल्या नवीन बाई पुढच्या महिन्यात येतील. तोवर वर्ग माझ्याकडे आहे. मग मी त्यांच्या हाताखाली पहिली घेईन. फादरांनी तसं विचारलं आणि मी 'हो' म्हटलं.

नवीन रजिस्टरही लिहून झालं. अकरा मुलांपुढे 'पूर्वीची शाळा' मध्ये तुझ्या शाळेचं नाव आहे. कारणाच्या रकान्याशी फादर थांबले. म्हणाले, "हे असलं नको, 'स्थलांतर' लिही." मी म्हटलं, दाखल्यावर जे आहे तेच उतरवायचं असतं. अकरा वेळा उतरवलं. सहाव्या वेळी लिहिता येईना, तेव्हा बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

आई सांगत होती, तुझ्या शाळेला कुलूप लागलं आणि तुला धडगावकडे डोंगरात धाडलं आहे. येत्या गुरुवारी निघणार म्हणे. तिकडे पावसाळ्यात टपालसुद्धा पोचत नाही. आई तुझ्याबरोबर येत नाही, माझ्याकडे येते आहे. तिला तू पाठवलंस की ती स्वतः येते, ते मी विचारलं नाही.

राग गेला असं समजू नकोस. बाजारात लोक हसले ते मला अजून ऐकू येतं. चार वर्षांपूर्वी हेच अकरा कागद तू दिले असतेस, तर मी ते 'नाही' लिहिलं नसतं, तुझी शाळा कदाचित तेव्हाच बंद झाली असती, आणि आपण दोघं निदान बोलत असतो. यातलं काय बरं होतं, मला सांगता येत नाही.

नवापूरची वाट आमच्या शाळेवरूनच जाते. गुरुवारी सकाळी तू गाडीत सामान घालून येशील, तेव्हा मी वर्गात असेन. बाहेर येणार नाही. तूही थांबू नकोस.

पोरांना मात्र मी सांगून ठेवलं आहे. मास्तर जाताना दिसले की सगळ्यांनी उभं राहायचं.

रेवा